डबल बेल : रत्नागिरीत अर्धा दिवस

या महिन्यात एकवीस पत्रं आली आणि त्यातली चौदा रत्नागिरीची. चूक माझीच. गेल्या अंकात सहज लिहून गेलो की सांगलीहून सुटणाऱ्या मुक्कामी एसटीवर कंडक्टर म्हणून मी अकरा वर्षं रत्नागिरी केली, आणि लोकांनी तेवढंच धरलं. बेळगावही केली होती, तिच्याबद्दल कुणी ओळ लिहीत नाही.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. सकाळी सांगलीतून डबल बेल मारायची, दुपारी रत्नागिरीच्या स्टँडवर उतरायचं, तिकिटांचा ट्रे, वे-बिल (म्हणजे फाडलेल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद) आणि रोकड यांचा मेळ घालायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना तीच गाडी परत आणायची. मधली दुपार-संध्याकाळ आपली. आमचे ड्रायव्हर ती झोपून काढायचे. त्यांचा तो हक्कच होता, आंबा घाटात स्टिअरिंग त्यांच्या हातात असायचं, माझ्या हातात नुसता पंच. मी मात्र खाकी खुंटीला अडकवून, चपला पायात सरकवून गावात जायचो. म्हणजे अर्ध्या दिवसात रत्नागिरी बघणं मी काहीशे वेळा केलंय, आणि त्यातल्या निम्म्या वेळा चुकीचं केलंय. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देतो. पत्रं जागेपुरती कापली आहेत, राग नसावा.

मास्तर, मागच्या अंकात तुम्ही पतितपावन मंदिराचं साल १९२९ लिहिलंत. माझ्या मुलाच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात १९३१ आहे. कुणाचं खरं धरायचं?
*एक वाचक, तासगाव*

पुस्तकाचं. मी लिहिलं ते पायाभरणीचं साल. मार्च १९२९ मध्ये पाया घातला आणि २२ फेब्रुवारी १९३१ ला लक्ष्मी-नारायणाची प्रतिष्ठापना झाली. गाडीचं वय चासी आली त्या दिवसापासून धरत नाहीत, रस्त्यावर आली तिथपासून धरतात. मंदिराचंही तसंच.

आता चुकलोच आहे तर थोडं जास्तीचं. पैसा भागोजीशेठ कीरांचा आणि खटपट सावरकरांची. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही, ही सरकारची अट. मग त्यांनी अस्पृश्यता हातात घेतली. सगळ्या जातींच्या माणसांना देवापर्यंत सारखंच जाता येईल असं देऊळ बांधायचं ठरलं. त्याला पैसा पुरवणारे भागोजीशेठ स्वतः भंडारी समाजातले, गरिबीतून वर येऊन मुंबईत मोठे कंत्राटदार झालेले. देऊळ बघायला दहा मिनिटं पुरतात, पण हे माहीत नसलं तर दहा मिनिटांत काहीच दिसत नाही. चुन्याचं साधं देऊळ वाटतं.

पुढच्या महिन्यात रविवारी रत्नागिरीत भाचीचं लग्न आहे. जेवणं उरकून दीडला मोकळे होऊ, सोमवारी पहाटे परतायचं. आम्ही दोघं, दोन मुलं (१२ आणि ८ वर्षं) आणि सासूबाई. मोबाइलवर यादी काढली तर गणपतीपुळे, आरे-वारे, पावस, थिबा पॅलेस, टिळकांचं घर, पतितपावन, रत्नदुर्ग, दीपगृह, मांडवी, भाट्ये आणि मत्स्य संग्रहालय अशी अकरा ठिकाणं निघाली. हे सगळं कसं बसवायचं?
*एक गृहिणी, विश्रामबाग*

ताई, बसवायचं नाही, उतरवायचं. जत्रेच्या दिवशी पन्नासाच्या गाडीत ऐंशी माणसं बसतात, पण मग कंडक्टर मागच्या सीटपर्यंत पोचत नाही आणि तिकीट कुणाचंच धड फाटत नाही.

पहिली तीन खाली उतरवा. गणपतीपुळे पंचवीस किलोमीटर उत्तरेला, आरे-वारे त्याच वाटेवर, आणि पावस वीसेक किलोमीटर दक्षिणेला. दीडला सुटून ती करायला गेलात तर काचेतून झाडं बघून याल. सासूबाई म्हणतील, गणपतीला न जाता कसं यायचं. त्यांना सांगा, सांगलीच्या गणपतीला जाऊन निघालोय, त्याचा निरोप पोचतो तिकडं.

उरलेल्या आठांचा क्रम लावताना नकाशा बघू नका. ऊन बघा आणि कुलूप बघा. ज्याला कुलूप लागतं ते आधी, जे उघड्यावर आहे ते ऊन उतरल्यावर. मला हे कळायला एक वर्ष गेलं. माझी मुक्कामाची पाळी तेव्हा सोमवारी यायची आणि थिबा पॅलेसचं, म्हणजे इथं कैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाच्या वाड्यातलं, संग्रहालय सोमवारी बंद. सहा-सात महिने मी राजाचा वाडा फाटकातून बघितला आणि दर वेळी वाटलं, आजच काहीतरी सुट्टी असेल. ड्रायव्हर म्हणाले, मास्तर, राजा नसतो का घरी? तुमचा रविवार आहे, प्रश्न नाही.

तेव्हा आधी लग्नाचे कपडे बदला. हे गमतीनं सांगत नाही. सांगलीचं ऊन डोक्यात बसतं, रत्नागिरीचं अंगाला चिकटतं. पैठणी नेसून रत्नदुर्गाच्या पायऱ्या चढणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर इतिहास दिसत नव्हता.

दोनच्या सुमारास थिबा पॅलेस. गावाच्या दक्षिणेला टेकाडावर लाल रंगाचा तीन मजली वाडा आहे, १९१० साली पुरा झालेला. आत जांभ्या-विटांचा गारवा, लाकडी जिने, कमानीच्या वर अर्धगोल खिडक्या आणि त्यांत रंगीत काचा. दुपारी त्या काचांतून ऊन आत येतं आणि फरशीवर लाल-हिरवे तुकडे पडतात. धाकट्याला एक काम द्या: त्या तुकड्यांवर पाय न ठेवता खोली ओलांडायची. माझ्या पुतण्याला हे सांगितलं होतं, तो अर्धा तास तिथंच खेळला आणि मला राजाची माहिती शांतपणे वाचता आली. मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती आहे, ती चुकवू नका. एवढ्या मोठ्या वाड्यात राजानं स्वतःसाठी मांडलेली वस्तू म्हणावी अशी तीच मला वाटते. तिथून जवळच थिबा पॉइंट. काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी वरून पुरी दिसते, नारळी आणि पुलासकट. म्हणजे भाट्ये झालं, खाली उतरायची गरज नाही. सहा राहिली.

साडेतीनला गावात उतरा. टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर आणि पतितपावन, दोन्ही मिळून पाऊण तास. टिळकांचं घर लहान आहे. कौलारू, शेणानं सारवलेल्या अंगणाची आठवण करून देणारं. मोठा मुलगा म्हणेल, एवढंच? त्याला सांगा की इथं ते दहा वर्षांचे होईपर्यंत होते. १८६६ ला वडिलांची बदली पुण्याला झाली आणि बिऱ्हाड हललं. शेंगांच्या टरफलांची गोष्ट त्याला ठाऊक असेलच, ती पुन्हा सांगू नका. त्याऐवजी याच्या लगेच खालचं उत्तर वाचून दाखवा.

पाचच्या आत रत्नदुर्ग. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, मग थोड्या पायऱ्या आणि भगवतीचं देऊळ. किल्ला घोड्याच्या नालासारखा आहे आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. बहामनी काळातला, मग आदिलशाहीकडं गेलेला, आणि १६७० ला शिवाजी महाराजांनी घेतलेला. पण खरं सांगू का, किल्ल्यावर किल्ला बघायला फारसं उरलेलं नाही. तटावरून खाली मिरकरवाडा बंदर दिसतं, त्यासाठी जायचं. संध्याकाळी होड्या परततात. निळ्या, हिरव्या, भगव्या, टोकाला झेंडे, एकीला चिकटून दुसरी, दुसरीला तिसरी, आणि माणसं एका होडीतून दुसरीत पाय टाकत धक्क्यावर येतात, आपल्याकडं आठवडी बाजारादिवशी स्टँडवर गाड्या लागतात तशी. वारा तिकडून असला तर सुक्या मासळीचा वास वर येतो. मी माळकरी माणूस, पहिल्या वेळी नाकाला रुमाल लावला होता. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तो वास आला नाही की चुकल्यासारखं वाटायचं.

दीपगृह बाजूच्या टेकडीवर आहे. वर सोडतात ते ठरावीक वेळातच, त्याच्या मागं लागून सूर्यास्त घालवू नका. बाहेरून बघा आणि मोजणीत धरा.

सूर्य बुडाल्यावर मांडवी. काळी वाळू, धक्का, भेळवाले. आपण सांगलीचे, भडंग पिशवीत असणारच, तेव्हा भेळ घेतली नाही तरी चालेल, पण मुलं ऐकणार नाहीत.

मत्स्य संग्रहालय राहिलं. ते या क्रमात बसत नाही. मात्र पाऊस आला तर किल्ला सोडून तिकडं जा. देवमाशाचा सांगाडा आहे, आठ वर्षांच्या मुलाला तो तीन राजांपेक्षा जास्त आवडेल.

रिक्षा करणार असाल तर 'थांबून' ठरवा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी थांबणार आणि शेवटी मुक्कामी सोडणार, असं बसण्याआधी बोलून घ्या. आणि रिक्षावाल्याला तुमची यादी दाखवू नका. त्याला वेळ सांगा आणि क्रम त्याला लावू द्या. तो कुलूप आणि ऊन माझ्यापेक्षा चांगलं जाणतो.

आम्हाला इतिहासात आहे की इंग्रजांनी बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवलं. मग ब्रह्मदेशाच्या राजाला रत्नागिरीला का आणलं? तिकडं तुरुंग नव्हते का?
*इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, मिरज*

बाळ, तुझ्या प्रश्नासाठी मी बाकीची पत्रं कापली.

तुरुंग होते. पण राजाला त्याच्याच मुलखात ठेवलं की लोक त्याच्याभोवती गोळा होतात. म्हणून दिल्लीचा बादशहा रंगूनला नेला, तो १८६२ ला तिथंच वारला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा इकडं आणला. बदली करतात ना, गावचा माणूस गावात नको, तसा हिशेब.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज आगबोटींतून इरावती नदीनं वर गेली. दोन आठवड्यांत लढाई संपली. २९ नोव्हेंबरला राजा शरण आला आणि त्याला बैलगाडीत बसवून नदीवरच्या बोटीकडं नेलं. हत्तीवरून फिरणारा राजा, वय वर्षं २६. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचं जाहीर झालं, आणि राजाला आधी मद्रास, मग त्याच वर्षी एप्रिलात रत्नागिरी. रत्नागिरीच का? तेव्हाचं गाव डोळ्यापुढं आण. पश्चिमेला समुद्र, पावसाळ्यात बोटी बंद. पूर्वेला सह्याद्री. रेल्वे नाही. कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ उजाडलं. पळून जाणार कुठं आणि त्याला भेटायला येणार कोण?

बरोबर राणी सुपायलात, तिची धाकटी बहीण, तीही राणीच, आणि मुली. एकूण चार राजकन्या. थोरल्या दोघी मंडालेच्या, तिसरी मद्रासला जन्मलेली आणि चौथी रत्नागिरीची. वाडा मिळाला तो चोवीस वर्षांनी, तोवर भाड्याच्या बंगल्यांत. वाडा मिळाल्यावर सहाच वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, राजा वारला. समाधी रत्नागिरीतच आहे. राणीला १९१९ ला रंगूनला परत जाऊ दिलं, राजाला मेल्यावरही नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर येऊन गेले.

हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता जे तू विचारलं नाहीस ते.

एकदा पावसाळ्यात आंबा घाटाच्या वर गाडी पंक्चर झाली. ड्रायव्हर स्टेपनी काढत होते, मी जॅकला दगड लावत होतो. एक म्हातारे गुरुजी खाली उतरले होते. मला म्हणाले, मास्तर, रत्नागिरीला थिबाचा वाडा बघता का? म्हटलं, बघतो की. म्हणाले, मग टिळक कुठं होते ते सांगा. म्हटलं, मंडालेच्या तुरुंगात. ते म्हणाले, मंडाले कुणाचं?

मी गप्प.

त्यांनी गाडीच्या मागच्या काचेवरच्या धुळीत बोटानं दोन ठिपके काढले. एक मंडाले, एक रत्नागिरी. मग एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ आणि तिथून परत दुसरी रेघ. मंडालेचा राजा रत्नागिरीत ठेवला, आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला नेले. तो तुरुंग कुठं, तर मंडालेच्या किल्ल्याच्या तटाच्या आत. म्हणजे थिबाच्या राजवाड्याच्या आवारात. राजाच्या अंगणात टिळक आणि टिळकांच्या गावात राजा.

गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, साल बघा. नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११, त्या एका हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्या'चं हस्तलिखित पुरं केलं, शिसपेन्सिलीनं, कारण शाई-टाक द्यायची परवानगी नव्हती. आणि त्याच १९१० च्या हिवाळ्याच्या तोंडाशी थिबा नव्या वाड्यात राहायला गेला. दोघांचे पहारेकरी एकाच सरकारचे पगारी. टिळक १९१४ ला सुटून आले. राजा सुटला नाही.

तेवढ्यात स्टेपनी लागली आणि डबल बेल द्यावी लागली. साखरप्याच्या आधीच पाऊस आला आणि काच धुऊन निघाली. गुरुजी हातखंब्याला उतरले. नाव विचारायचं राहिलं. वे-बिलावर ते 'हातखंबा, एक पूर्ण' एवढेच आहेत.

तेव्हा तू रत्नागिरीला गेलीस तर थिबाचा वाडा आणि टिळकांचं घर एकाच दुपारी बघ, आणि याच क्रमानं. आधी वाडा, मग घर. उलट केलंस तर घर लहान वाटत नाही, नुसतं जुनं वाटतं.

साताऱ्याहून निघायचं तर कुठला घाट? कराडहून वेगळा पडतो का?
*दोन वाचक, सातारा आणि कराड*

साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा. हातखंब्याला महामार्ग सोडला की गाव दहा-बारा किलोमीटर. कराडहून पाटणमार्गे हाच रस्ता, नाहीतर कोकरूडवरून मलकापूर आणि आंबा घाट. पावसाळ्यात दोन्ही घाटांत धुकं असं असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता. उजेडात उतरा.

मलकापूर म्हणताना मात्र कुठलं ते म्हणा. एक कराडला चिकटून, एक शाहूवाडी तालुक्यात. कोल्हापूर स्टँडवर एक गृहस्थ माझ्या गाडीत बसले, 'मलकापूर एक' म्हणाले, मी पंच करून दिलं. बांबवडे गेल्यावर खिडकीतून बघत म्हणाले, मास्तर, अजून वारणा कशी लागली नाही? त्यांना कराडला बहिणीकडं जायचं होतं. मी तिकिटाचे पैसे परत देऊ शकत नव्हतो, नियम नव्हता. चहा पाजला आणि उलट्या गाडीत बसवून दिलं.

आम्ही घरात सगळे माळकरी. रत्नागिरीत जेवणाचे हाल होतात म्हणतात, खरं का?
*एक वारकरी कुटुंब, पलूस*

माझ्याही गळ्यात माळ आहे आणि अकरा वर्षांत उपाशी झोपलो नाही. फक्त 'भाजी द्या' म्हणून थांबू नका. एका खाणावळीत मी तसं म्हणालो आणि वांग्यात सुकट निघाली. वाढणाऱ्याचा दोष नाही, त्याच्या लेखी ती वांग्याचीच भाजी. 'मासळीचा हात नको' असं सांगायचं.

आणि मग मागायचं काय, तर आंबोळी, घावणं, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, आणि फेब्रुवारी ते एप्रिल गेलात तर ओल्या काजूची उसळ. ओला काजू सोललेला विकत घ्या. स्वस्त मिळतो म्हणून मी एकदा न सोललेला आणला, चिकानं बोटांची सालं गेली आणि आठवडाभर नोटा मोजताना जीव जायचा.

हापूस तिथून आणावा का? अस्सल कसा ओळखायचा?
*मार्केट यार्ड, सांगली*

तुम्ही मार्केट यार्डात बसून मला विचारता! एप्रिल-मेमध्ये गेलात तर बागवाल्याकडून पेटी घ्या, कडक फळ मागा, घरी गवतात अढी लावा. हापूस हे नाव लावायचा हक्क २०१८ पासून भौगोलिक मानांकनानं कोकणातल्या पाच जिल्ह्यांनाच आहे. बाकी नाक सांगतं. पेटी उघडल्यावर खोलीत कळलं पाहिजे. फळ नाकाशी धरून हुंगावं लागलं तर ते कुठलंही असो, घेऊ नका.

आजी ७८ वर्षांच्या आहेत. कधी समुद्र बघितला नाही. गुडघ्यांनी जास्त चालवत नाही. तुमच्या त्या अर्ध्या दिवसात त्यांना काय काय दाखवता येईल?
*एक नातू, जत तालुका*

समुद्र. बाकी काही नाही.

वरच्या ताईंना सांगितलेला क्रम विसरा. वाड्यात जिने, किल्ल्यावर पायऱ्या. आजींना थेट मांडवीला न्या, रिक्षा वाळूच्या काठापर्यंत जाते. एक घडीची खुर्ची बरोबर ठेवा.

पण दिवस निवडून जा. भरती-ओहोटीचं गणित मला मांडवीवर जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शिकवलं, कोकणात ते पोरंसोरं करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि संध्याकाळी साडेपाचला पुरी ओहोटी. त्या संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं, आजींना ओल्या वाळूतून चालावं लागेल. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी वर चढलेलं. शिवाय अष्टमीच्या आसपास उधाण नसतं, भांग असते, लाटा अंगावर येत नाहीत. तेव्हा शुद्ध असो की वद्य, सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ धरा. खुर्ची मांडा, आजींना बसवा आणि पाण्यालाच त्यांच्या पायापर्यंत येऊ द्या.

एसटीत पंचाहत्तरीच्या पुढं तिकीट लागत नाही, आधार कार्ड जवळ ठेवा. तुमच्या आईंना अर्धं.

तुमच्याच भागातल्या एक आजी माझ्या गाडीनं आल्या होत्या, मुलाबरोबर. संध्याकाळी मांडवीवर दिसल्या म्हणून मी जवळ गेलो. नऊवारी गुडघ्यापर्यंत धरून उभ्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तोंडाला लावलं, थुंकल्या आणि मुलाला म्हणाल्या, "खरंच खारट हाय की रं. मला वाटायचं, म्हणायची पद्धत हाय." ज्या गावात टँकरची वाट बघत हंडे रांगेला लावायचे, तिथली बाई. तेवढं पाणी बघून त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मी विचारलं नाही. निघताना त्यांनी पाण्याची एक बाटली भरून घेतली, सुनेला दाखवायला.

तुमच्या आजीही भरून घेतील. घेऊ द्या, फक्त झाकण घट्ट लावा. त्या आजी परतीला माझ्या शेजारच्या सीटवर होत्या आणि आंबा घाटाच्या तिसऱ्या वळणाला बाटली माझ्या वे-बिलावर लवंडली. कागद वाळला तसा त्याच्यावर पांढरा फराटा उठला. सांगलीत हिशेब देताना कारकुनानं चष्मा वर करून विचारलं, हा डाग कशाचा? म्हटलं, समुद्राचा.